टोपलीतले सातशे अंक

श्रोतेहो, नमस्कार. गुजरातमधील छोटा उदेपूरच्या परिसरात राठवा आदिवासी आपल्या घराच्या भिंतीवर पिठोरा चितारून घेतात. नवस फेडण्यासाठी लखारे, म्हणजे पिठोरा काढणारे चित्रकार, हे चित्र काढतात आणि ते पूर्ण झाले की अंगात आलेला बडवा, म्हणजे त्यांचा भगत, त्यातील एकेक घोडा, एकेक देव ओळखून सांगतो. ज्या बोलीत हा विधी चालतो, तिच्यात छापलेला कागद मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांनी पाहिला नव्हता.

याच परिसरात, तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी करणारे गणेश देवी मूळचे आपल्या भोरचे. बडोद्यात इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या देवींनी १९९६ मध्ये ‘भाषा’ ही संस्था स्थापन केली आणि आदिवासी भाषांत नियतकालिके काढण्यास आरंभ केला. त्यांनी सांगितलेली एक हकिगत मला अतिशय प्रिय आहे.

अशा एका नियतकालिकाचे सातशे अंक घेऊन देवी एका आदिवासी गावात गेले. त्यांनी ते एका टोपलीत ठेवून दिले. ज्याला हवा असेल आणि ज्याला परवडेल, त्याने दहा रुपये ठेवून अंक घ्यावा, एवढीच व्यवस्था होती. दहा रुपये, श्रोतेहो, आणि तेही रोजंदारीवर पोट असणाऱ्या माणसांकडून. संध्याकाळपर्यंत सातशेच्या सातशे अंक संपले. टोपलीत राहिल्या होत्या त्या मळलेल्या, चुरगळलेल्या, ओलसर नोटा, त्या दिवसाच्या मजुरीतून काढून ठेवलेल्या. अंक घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना अक्षरओळखही नव्हती. पुन्हा सांगतो: जे वाचता येत नव्हते, त्यासाठी त्यांनी घामाचे पैसे मोजले, कारण आपली भाषा छापलेली त्यांनी बहुधा प्रथमच पाहिली होती. आदिवासींसाठीची पुस्तके फुकटच वाटली पाहिजेत, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. मला ते कधीही पटलेले नाही. किंमत देऊन घेतलेली वस्तू माणूस हक्काने आपली म्हणतो, आणि त्या दिवशी त्या गावाने आपल्या भाषेवरचा हक्कच बजावला.

हा हक्क सरकारी नोंदींत मात्र आक्रसत गेला. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावे नोंदली गेली होती. १९७१ मध्ये दहा हजारांहून कमी लोक बोलत असलेल्या भाषा प्रसिद्ध केलेल्या यादीतून वगळण्यात आल्या आणि त्या यादीत उरल्या १०८. बोलणारे होतेच, त्यांच्या भाषांची नावे गेली. पुढे देवींच्याच नेतृत्वाखाली झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. मोठ्या संख्येनेही न्याय मिळतोच असे नाही: २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटातील भाषिक एक कोटीहून अधिक होते, तरीही भिलीला राज्यघटनेतील मान्य भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, स्थान नाही.

नंदुरबार, धुळे, मेळघाट आणि यवतमाळच्या श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जनगणनेचा प्रगणक दाराशी येईल, तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात सोयीसाठी मराठी किंवा हिंदी लिहू देऊ नका. घरात पावरी, कोरकू, कोलामी, जी भाषा बोलत असाल, तिचेच नाव सांगा आणि तेच नाव लिहिले आहे, याची तिथल्या तिथे खात्री करून घ्या.