स्नायूपेशीच्या आतली दारे

पडद्यावर दिसणारे हे लांब, पट्टेदार तंतू म्हणजे माणसाच्या स्नायूतील पेशी आहेत. इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून जे ग्लुकोज उचलले जाते, त्यातील सर्वांत मोठा वाटा या पेशी घेतात. मात्र ग्लुकोज त्यांच्या आवरणातून आपोआप झिरपत नाही. त्याला ग्लुट-४ नावाचे वाहक प्रथिन लागते आणि हे प्रथिन एरवी पेशीच्या आतच, पुटिका म्हणजे बारीक पिशव्यांमध्ये साठवलेले असते. इन्सुलिन पेशीवरील ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटले की आत एकामागून एक प्रथिने सक्रिय होतात, काही मिनिटांत पुटिका पृष्ठभागाला येऊन मिळतात आणि ग्लुकोजला दार उघडते.

टाइप २ मधुमेहात वाहकांची उणीव नसते. बिघडतो तो त्यांच्यापर्यंत पोहोचणारा निरोप. स्नायूंत साचलेल्या मेदापासून तयार होणारे काही घटक हा निरोप वाटेतच क्षीण करतात, असे अनेक संशोधक मानतात.

पायोग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाची वाट इथून सुरू होते, आणि ती मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, कारण स्नायूंना उपयोगी पडणारे हे औषध मुख्यतः काम करते ते मेदपेशींत. तेथील केंद्रकातील पीपार-गॅमा या ग्राहीला ते चिकटते, जनुकांचे कार्य बदलते, मेदपेशी रक्तातील मेदाम्ले स्वतःकडे ओढून घेतात, स्नायूंवरचा भार हलका होतो आणि त्यांना इन्सुलिनचा निरोप पुन्हा कळू लागतो. जनुकांच्या मार्गाने घडणाऱ्या या बदलाला काही आठवडे लागतात. अंगात पाणी साठण्याचा धोका असल्यामुळे हृदयाचे कार्य निकामी होत असलेल्या रुग्णांना ते देत नाहीत.

१९५७पासून मधुमेहावर वापरात असलेल्या मेटफॉर्मिनचे श्रेय मात्र अनेकदा चुकीच्या ठिकाणी दिले जाते. त्याचा प्रमुख परिणाम स्नायूंवर नव्हे, तर यकृतातील ग्लुकोजनिर्मिती घटवण्याचा आहे.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लुट-४ इन्सुलिनवाचूनही पृष्ठभागावर येते आणि मधुमेहातही ही वाट बहुतांशी शाबूत राहते. या वाटेशी निगडित एएमपीके हे विकर थेट सक्रिय करणारे एक प्रायोगिक संयुग माकडांना दिले, तेव्हा त्यांची रक्तशर्करा उतरली. पण त्याच वेळी हृदयाच्या स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचे साठवणीचे रूप, साठून हृदयाचा आकारही वाढला.