गिटारचे सूर टिकत नसतील, तर आधी नट तपासा

नमस्कार. माझ्या हातातली ही स्वस्त इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची आहे. फेंडर कंपनीने हा घाट १९५४ मध्ये बाजारात आणला आणि त्याच्या इतक्या नकला झाल्या, की आज त्याचे सुटे भाग हवे तेवढे मिळतात. मिळालेला भाग आपल्या गिटारवर बसेलच असे मात्र नाही, आणि हे मी एका ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचे, पैसे पाण्यात घालवून शिकलो आहे.

अशा गिटारीबद्दल नेहमीची तक्रार म्हणजे तारा सुरात राहत नाहीत, आणि दोष लगेच खुंट्यांवर येतो. आता ही तिसरी तार मी अगदी सावकाश चढवतो. ऐका: सूर काही क्षण हलतच नाही, मग ‘टिक’ असा बारीक आवाज होतो आणि तो एकदम वर उडी घेतो. खुंटी इथे आपले काम नीट करते आहे. नट म्हणजे मानेच्या टोकाशी असलेली खाचांची छोटी पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात; तार तिच्या अरुंद खाचेत अडकते, ताण साचतो आणि मग झटक्यात सुटतो. तार सैल करून खाचेबाहेर काढा, खाचेत शिसपेन्सिलीचे टोक घासा आणि पुन्हा लावून पाहा. एवढ्याने फरक पडला, तर खुंट्यांचा खर्च वाचला.

प्लॅस्टिकचा नट काढून हाडाचा बसवायचा असेल, तर त्याच्या दोन्ही कडांनी पॉलिशवर आधी ब्लेडने रेघ मारावी, नाहीतर नटाबरोबर पॉलिशचा टवकाही निघतो. नव्या नटाच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवलेल्या असतात. त्या गरजेपेक्षा जास्त घासल्या, तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीवर, झणझणते, म्हणून हे काम मी तरी कारागिराकडेच देतो.

ब्रिज मागवण्यापूर्वी सध्याच्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांतले अंतर मोजावे. ते कुठे सुमारे ५२.५ मिलिमीटर असते, तर कुठे ५६. बॉडीची जाडीही पाहावी, कारण पातळ बॉडीत ब्रिजखालचा पूर्ण उंचीचा पोलादी ब्लॉक मागच्या बाजूने बाहेर डोकावतो. माझे पैसे नेमके तिथेच गेले.

पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग, शेवटी. तो उलटा केल्यावर तळाशी सपाट, काळपट चुंबकपट्टी चिकटवलेली दिसली, तर तो बहुधा सिरॅमिक चुंबकाचा समजावा. अल्निको या चुंबकीय मिश्रधातूच्या पिकअपमध्ये सहसा तारांखालच्या सहा कांड्याच चुंबक असतात. सिरॅमिक म्हणजे वाईट, असे मी म्हणणार नाही, पण त्याचा आवाज बऱ्याचदा अधिक टोकदार वाटतो. बदलायचाच असेल, तर सिंगल कॉइलसाठी, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपसाठी, २५० किलोओमचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे भाग) घ्यावेत, आणि ते १६ मिलिमीटरचे की २४ मिलिमीटरचे हे आतली पोकळी मोजून ठरवावे. सोल्डरिंग आयर्न तापत असतानाच जुन्या वायरिंगचा जवळून फोटो काढून ठेवावा, कारण वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.