गावमंडळीची बातमी कोणी लिहायची?

(ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सलाम.

पाळकसाहेब, गावोगावचे सेक्रेटरी, पंच, महिला संघाच्या ताई आणि शब्बाथशाळेचे (रविवारच्या बायबल-वर्गाचे) शिक्षक, तुम्ही सगळे कामं सोडून आलात. कांद्याची लागण चालू असताना माणूस दिवस मोडून येतो तेव्हा त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, म्हणून मी थेट मुद्द्यावर येतो. मला विषय दिलाय ‘मंडळीचं जीवन आणि वार्ता’. मी वार्तेवर जास्त बोलणार आहे. आपल्या नगर जिल्ह्यातल्या गावमंडळ्या वार्तेच्या आधारावर उभ्या राहिल्या आणि ती लिहायचं आपण थांबवलं तर त्या विस्कटतील, असं मला मनापासून वाटतं.

‘आमच्या गावाला कायमचे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) नाहीत, चार-पाच गावांना मिळून एकच पाळक, ते महिन्यातून एखाद्या रविवारी येतात,’ ही तक्रार आपण नेहमी करतो. तक्रार खरी आहे, पण ही परिस्थिती नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ साली सुरू झालं. तिथून ते राहुरी, वडाळा अशा ठिकाणी आणि आजूबाजूच्या खेड्यांत पसरलं. त्या खेड्यांत पाळक राहतच नव्हते. राहायचा तो मास्तर. एका खोलीची शाळा, सोमवार ते शनिवार पाढे आणि बाराखडी, आणि रविवारी त्याच खोलीत तोच मास्तर उपासना चालवायचा. त्याची बायको बायकांना जमवून वाचायला शिकवायची. बायबलबाई, म्हणजे बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया, घरोघर फिरायच्या. पाळक यायचे ते प्रभुभोजनाला, बाप्तिस्म्याला, लग्नाला. घोड्यावर, टांग्यातून, पुढे सायकलवर.

म्हणजे मंडळी चालवायचं काम पहिल्यापासून साध्या माणसांकडे होतं. आणि हा मास्तर आणखी एक काम करायचा, ते म्हणजे लिहायचा. हजेरी, बाप्तिस्मे, मरणं, पाऊस झाला की नाही, गावात पटकी आली का, कुणाला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, हे सगळं तो पाळकांना कळवायचा. पुढे या शाळा बंद पडल्या किंवा लोकल बोर्डाकडे गेल्या, मास्तर गेला, आणि त्याच्याबरोबर लिहिणारा हातही गेला. पाळक तेव्हाही गावात राहत नव्हते. लिहिणारा मात्र राहत होता, आणि ती जागा आजही रिकामी आहे.

छापलेल्या बातमीचं काय झालं, तेही सांगतो. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली आपल्या अहमदनगरातच सुरू झालं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी ते एक. नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याची मराठी बाजू सांभाळली. आपण दर रविवारी ज्यांची गीतं गातो ते हेच टिळक. त्या पत्रात धर्मचर्चा होती, शास्त्राची माहिती होती, खंडनमंडन होतं, पण मला मोलाची वाटते ती त्याची दुसरी बाजू. ज्यांचं म्हणणं कुठेच छापलं जात नव्हतं, त्यांना त्यात जागा मिळाली.

१८५५ साली, फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत, ‘ज्ञानोदय’ने एका मुलीचा निबंध छापला. मुक्ता साळवे. वय चौदा. मांग समाजातली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं, वेद ज्यांचे त्यांचे, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने देवालाच विचारला. ती ख्रिस्ती नव्हती. तिचा निबंध आज विद्यापीठांत शिकवला जातो. तो आपल्यापर्यंत पोचला, कारण एका लहानशा मिशनच्या पत्राने तो छापून ठेवला. नाहीतर त्या पोरीचा आवाज वर्गाच्या भिंतींतच राहिला असता. कुणाची बातमी छापण्यालायक आणि कुणाची नाही, हे ठरवताना हा अंक आपण डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

आता आजची गोष्ट. आज बातमी फिरते ती व्हॉट्सॲपवर, आणि फिरते जोरात. प्रत्येक मंडळीचा ग्रुप आहे, तरुण संघाचा वेगळा, महिला संघाचा वेगळा. पुण्यात, पिंपरी-चिंचवडला गेलेली पोरं त्यातून गावाशी जोडलेली राहतात, ही फार चांगली गोष्ट आहे. कुणी वारलं तर अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं, माती कधी आहे ते कळतं, माणसं वेळेवर पोचतात. माझं म्हणणं एवढंच की ती बातमी राहत नाही. फोन बदलला, मेमरी भरली, ग्रुप मोडला की गेली. दहा वर्षांपूर्वी तुमच्या गावात कुणाकुणाचा बाप्तिस्मा झाला ते व्हॉट्सॲपवरून काढून दाखवा. निघणार नाही. १९३० सालचा बाप्तिस्मा मात्र पाळकांच्या कपाटातल्या वहीतून आजही निघतो.

ती वही कधी उघडून बघितलीत? बघा. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं, गाव, बापाचा धंदा, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही असे रकाने असतात. लग्नाच्या वहीत वय, वर बिनलग्नाचा की विधुर, वधू कुमारी की विधवा, धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव आणि खाली साक्षीदार. लग्नाच्या वहीचे हे रकाने पाळकांनी मनाने पाडलेले नाहीत. १८७२च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्याने ते ठरवून दिलेत आणि त्या नोंदींच्या प्रती सरकारी निबंधकाकडे जातात.

मला अशा वह्या वाचायचा नाद आहे. त्यात धंद्याचा एकच रकाना वरून खाली वाचत गेलं तरी गावाचा इतिहास समोर येतो. आधी येसकर (वेशीचा राखणदार), मजूर, मजूर, शेतमजूर. मग मधूनच एक मास्तर. मग एक बायबलबाई. मग दवाखान्यात कंपाउंडर, रेल्वेत गँगमन, मुंबईत गिरणी कामगार, लष्करात शिपाई. मग नर्स, नर्स, नर्स. पन्नास-साठ वर्षांत एक समाज वेशीच्या बाहेरून उठून कुठल्या कुठे गेला, हे त्या एका रकान्यात दिसतं. साक्षीदारांच्या जागी आधी अंगठे आहेत. त्यानंतर सह्या येतात, आधी बाप्यांच्या. आणि मग एका पानावर वधूची स्वतःची सही येते, थरथरत्या हाताने, रेघेच्या वर-खाली गेलेली. ते पान बघून मी बराच वेळ पुढचं उलटलं नाही.

या वह्यांचा उपयोग भावनेपुरता नाही. आपल्या दफनभूमीचा प्रश्न घ्या. कितीतरी गावांत माती द्यायची जागा पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे आहे, पण सातबाऱ्यावर मंडळीचं नाव नाही. जागेला भाव आला, शेजारच्या बांधाने सरकायला सुरुवात केली की मंडळी जागी होते. तेव्हा तहसील कचेरीत ‘आमचे आजे-पणजे इथे पुरलेत’ असं तोंडी सांगून भागत नाही. पण अमुक सालापासून अमुक इतक्या माणसांना याच जागेत माती दिली, अशी तारीखवार नोंद असली की बोलायला आधार होतो. कबरींवर दगड ठेवायची ऐपत आपल्या लोकांची नव्हती. त्यांचा पुरावा म्हणजे मृत्यूची नोंद. ती ठेवली नसेल तर आजपासून ठेवा. माणसाचं नाव, वय, तारीख, कुठे पुरलं, कोण हजर होतं. शक्य असेल तर गट नंबरसुद्धा लिहा.

आता एक अवघड गोष्ट. पाळकांसमोर बोलतोय, पण बोललंच पाहिजे. काही लोक नोंद करायलाच घाबरतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. वस्ती तीच, गरिबी तीच, गावाची वागणूक तीच, पण कागदावर ख्रिस्ती लिहिलं की पोराची शिष्यवृत्ती जाते. म्हणून घरात एक आणि शाळेच्या दाखल्यावर एक, असं चालतं. अशा माणसाला मी बोल लावणार नाही. त्याला या कोंडीत कायद्याने घातलंय आणि तो कायदा बदलावा म्हणून आपली माणसं वर्षानुवर्षं भांडतायत. मी सेक्रेटरींना एवढंच सांगेन की कुणाची नोंद त्याच्या मर्जीविरुद्ध कुठेही छापू नका, ग्रुपवर टाकू नका. वही ही वही आहे, ती कुलपात राहते. वार्तापत्र ही वेगळी गोष्ट आहे, त्यात नाव द्यायच्या आधी विचारा. हा फरक पाळला नाही तर लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडेल, आणि मग ते खरं सांगणारच नाहीत.

वार्तापत्रात काय लिहायचं, असं बऱ्याच जणांनी जेवताना विचारलं. सध्या आपण लिहितो ते असं: ‘अमुक मंडळीत हंगामाचा सण मोठ्या उत्साहात साजरा झाला. पाहुण्यांचं स्वागत झालं. आभार मानण्यात आले.’ हे वाचून काही कळत नाही. गावाचं नाव काढून दुसरं घातलं तरी चालेल.

हंगामाचा सण कसा होतो ते तुम्हाला मी काय सांगू! सकाळपासून वेदीपुढे बाजरीची कणसं, ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपते आणि लिलाव सुरू होतो. एखादी म्हातारी एकच अंडं घेऊन येते, कारण घरात तेवढंच असतं. त्या अंड्यावर बोली लागते. दहा, वीस, पन्नास. ज्याने घेतलं तो पैसे भरतो आणि अंडं परत टेबलावर ठेवतो, ‘पुन्हा बोला’. दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. अशा फिरत्या बोलीत त्या एका अंड्याचे हजार-बाराशे होतात आणि म्हातारी पदर तोंडाला लावून बघत बसलेली असते. हे लिहा. कुणी काय आणलं, कशाला किती बोली लागली, एकूण दान किती जमलं, त्यातून छपराचे पत्रे बदलायचे की पाळकांच्या पगाराची बाकी द्यायची, काय ठरलं. यंदा बाजरी कमी आणि सोयाबीन जास्त आलं का, तेही लिहा. पुढच्या पिढीला पिकाचा बदल त्यातूनच कळेल.

आणि जे गावात नाहीत त्यांचीही बातमी लिहा. आपली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. नाताळाला ती कोप्यांवर, म्हणजे कारखान्याजवळच्या पाचटाच्या झोपड्यांत, असतात. नाताळच्या उपासनेत बाकं रिकामी दिसतात आणि आपण लिहितो ‘उपस्थिती कमी होती’. उपस्थिती कमी नव्हती, माणसं कारखान्यावर होती! काही पाळक आणि तरुण संघाची पोरं नाताळच्या आठवड्यात कोप्यांवर जातात, संध्याकाळी गाड्या खाली झाल्यावर उसाच्या पाचटावर बसून उपासना घेतात, कॅरल म्हणतात. थकलेल्या बायका चुलीपुढे बसूनच गातात. माझ्या मते जिल्ह्यातली सगळ्यात महत्त्वाची नाताळ-वार्ता तीच असते, आणि नेमकी तीच कुठे छापून येत नाही. कुठल्या कारखान्याच्या हद्दीत किती कुटुंबं आहेत, मुलं बरोबर नेलीत की आजीजवळ ठेवलीत, शाळा बुडतेय का, हे मंडळीला ठाऊक असलं तर मंडळी काहीतरी करू शकते.

कॅथलिक बांधवांकडूनही शिकण्यासारखं आहे. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक येतात. तिथे आपल्याही मंडळ्यांतली माणसं जातात, हे लपवायचं कारण नाही. पंथ वेगळे असले तरी गाव एक असतं. शेजारच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला आपल्या माणसांनी हात लावला असेल, उरुसाला कुणी पाणी वाटलं असेल, तर तीही मंडळीचीच वार्ता.

लिहायला भाषा अवघड लागत नाही. आपल्या नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते गावाला कळेल अशा मराठीतच. तुम्ही ओट्यावर बसून सांगता तसंच कागदावर उतरवा.

आता कामाचं. प्रत्येक गावाने एक जाड बांधणीची वही घ्यावी, सुट्या कागदांवर लिहू नये. शाईच्या किंवा चांगल्या बॉलपेनने लिहावं, पेन्सिलने नको. लिहिणारा एक माणूस ठरवा, आणि त्याच्या हाताखाली एक मुलगी किंवा मुलगा बारावीच्या आसपासचा. दर रविवारी उपासनेनंतर पाच ओळी, तारीख घालून. महिनाअखेर सगळ्या गावांच्या वह्यांवरून पाळकांच्या गावी एक पान तयार होईल. ते ग्रुपवरही जाईल आणि छापून फाइललाही लागेल.

जुन्या वह्यांना चिकटपट्टी लावू नका. तिने कागद पिवळा पडतो आणि अक्षर उचलून येतं. प्लॅस्टिकचं आवरण चढवू नका. दिवसाच्या उजेडात, उन्हात नाही, एकेक पान सपाट धरून फोनने फोटो घ्या आणि त्यांची एक प्रत गावाबाहेर, दुसऱ्या मंडळीच्या कपाटात ठेवा. आपल्याकडे छपरं गळतात आणि वाळवी काही विचारून येत नाही. ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला आणाव्यात, दोरी न बांधता, सुती कापडात गुंडाळून. पानं कशी उलटायची आणि फोटो कसे घ्यायचे ते आपण तिथेच बसून करू.