समोरचं दार उघडं ठेवा: कॅबिनेटमधल्या हवेविषयी

मे महिन्यात नागपुरात व्याख्यानाला एवढी गर्दी होते ती विषयासाठी की या सभागृहातल्या कूलरसाठी, हे मी विचारणार नाही. पण सुरुवात कूलरपासूनच करतो. किती जणांच्या घरी खिडकीत कूलर आहे? जवळजवळ सगळ्यांच्या. आता सांगा, कूलर सुरू केल्यावर समोरचं दार कोण बंद करतं? कोणीच नाही. फक्त पुण्याहून आलेला पाहुणा करतो. गारवा बाहेर जाईल असं त्याला वाटतं. अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकचिकायला लागतं आणि आतून आजी ओरडते, "अरे, दार उघडा, हवा जाईल कुठून?" त्या आजीला जे कळलंय, तेवढंच मला आज सांगायचं आहे.

माझं काम कम्प्युटर दुरुस्तीचं. उन्हाळा आला की माझ्याकडे एकच तक्रार घेऊन रांग लागते: "सीपीयू गरम होतो, आपोआप बंद पडतो." आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, आणि मी आता ते दुरुस्त करायचा नाद सोडला आहे. तरी आज तरी त्या डब्याला कॅबिनेट म्हणू, म्हणजे घोळ होणार नाही. तर गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "अजून दोन पंखे लावून द्या." मी विचारतो, आत्ता आहेत ते कोणत्या दिशेने फिरतात? उत्तर नसतं. त्यांचे रंग मात्र पाठ असतात.

मुळात पंखा काहीही थंड करत नाही. छताच्या पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला, म्हणजे आतल्या हिशेब करणाऱ्या मुख्य चिपला, घाम येत नाही. कॅबिनेटच्या पंख्याचं काम एकच: आतली तापलेली हवा बाहेर काढायची आणि तिच्या जागी खोलीतली हवा आणायची. त्यामुळे आतला कोणताही भाग खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७० वर चालतो, तोच ३८ अंशांच्या खोलीत साधारण ८३ वर जातो. यात कोणाचा दोष नाही, ही सरळ बेरीज आहे. आजचे बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोचले की स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात. म्हणून इंटरनेटवर कुणी युरोपातल्या माणसाने टाकलेले आकडे बघून खूशही होऊ नका, घाबरूही नका. तुमच्या मशीनच्या तापमानातून तुमच्या खोलीचं तापमान वजा करून बघा. कामाचा आकडा तो.

किती हवा लागते? याचं गणित सोपं आहे. आत ४०० वॉट उष्णता तयार होते असं धरू. मोठं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड, असलेल्या मशीनला हे काही जास्त नाही. मिनिटाला ५० घनफूट हवा त्यातून गेली, तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे १४ अंशांनी गरम असते. हवा दुप्पट केली, १०० घनफूट, तर फरक ७ अंश. पुन्हा दुप्पट केली तर साडेतीन. आता बघा, पहिल्या दुपटीने सात अंश कमावले, दुसरीने फक्त साडेतीन, आणि तिसरी दुप्पट तर पावणेदोनवर येईल. पाच पंख्यांचे नऊ केल्यावर फरक का दिसला नाही, याचं उत्तर इथे आहे. आणि पंख्याच्या खोक्यावर छापलेला घनफुटांचा आकडा मोकळ्या हवेत मोजलेला असतो, समोर काही अडथळा नसताना. समोर जाळी आली, फिल्टर आला, काच आली की तो आकडा घसरतो.

काचेवरून आठवलं. व्हिडिओ एडिटिंग करणारा एक मुलगा माझ्याकडे मशीन घेऊन आला. सहा पंखे, सगळे चमचमणारे, कॅबिनेटच्या तोंडावर सुरेख काळी काच. त्या काचेच्या कडेला हवा यायला जेमतेम बोटभर फट. मी काहीही केलं नाही, फक्त समोरची काच काढून टेबलावर ठेवली आणि त्याचंच काम पुन्हा चालवायला सांगितलं. ग्राफिक्स कार्ड नऊ अंशांनी उतरलं. तो म्हणाला, "पण काका, काच काढली तर पंखे दिसणार कसे?" मी म्हटलं, आता तर जास्तच दिसतात!

हा प्रयोग घरी करता येतो, पैसे लागत नाहीत. मशीनला वीस मिनिटं जड काम द्या, तापमान लिहून ठेवा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, पुन्हा वीस मिनिटं. एक-दोन अंशांचा फरक पडला तर तुमच्या कॅबिनेटची हवा ठीक आहे, पंखे विकत घेऊ नका. सात-आठ पडला तर कॅबिनेट गुदमरतंय, आणि आधी वाट शोधायला हवी.

आता मांडणी. बहुतेक कॅबिनेटसाठी उत्तर जुनंच आहे: समोरून, खालच्या बाजूने हवा आत, मागून आणि छताच्या मागच्या भागातून बाहेर. दोन किंवा तीन पंखे समोर, एक मागे. पंख्याची दिशा ओळखायची खूण अशी की ज्या बाजूला तीन-चार दांड्या मोटर धरून असतात आणि मधे स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोकळी, देखणी बाजू हवा ओढते. म्हणून समोर लावलेला पंखा बाहेरून छान दिसतो आणि मागचा आतून. उलटा लावलेला पंखा मला महिन्यातून एकदा तरी सापडतो, आणि तो दिसायला छान म्हणूनच उलटा लावलेला असतो.

छताचा पुढचा पंखा ही मात्र फसवी जागा. तिथे बाहेर फेकणारा पंखा लावला की समोरून नुकतीच आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो उचलून वर फेकतो. पाहुण्याला दारातच चहा पाजून परत पाठवल्यासारखं. ती जागा रिकामी ठेवा.

"गरम हवा वर जाते, म्हणून सगळे पंखे वरच्याच दिशेने हवेत," असं कोणी ना कोणी म्हणतंच. जुन्या स्वयंपाकघराच्या धुराड्यात ते खरं. पण अर्धा मीटर उंच डब्यात, आतली हवा १५ अंशांनी गरम असताना, वर जायची ओढ किती असते? सुमारे ०.३ पास्कल. साधा १२० मिलिमीटरचा पंखा दीड मिलिमीटर पाण्याइतका, म्हणजे १५ पास्कलपर्यंत दाब देतो. चालू स्थितीत त्याचा निम्मा धरा, तरी पंखा पंचवीसपट ताकदवान. तो हवेला खालीसुद्धा ढकलू शकतो. पूर्ण बिनपंख्याच्या मशीनमध्ये मात्र ती ओढच सगळं काही असते.

हवेची दिशा ठरवताना मोठमोठ्या कंपन्याही गडबडल्या आहेत. १९९५ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने एटीएक्स हा कॅबिनेटच्या आतल्या मांडणीचा आराखडा आणला, ज्याच्या वंशजांवर आपली मशीन्स आजही उभी आहेत. त्यात सुरुवातीला एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडायचा, असं ठरलं होतं. कल्पना चांगली, एका पंख्यात दोघांची सोय. पण एसएमपीएसमधून आलेली हवा आधीच तापलेली, आणि तीच प्रोसेसरच्या माथी. पुढे हा पंखा उलटा झाला, हवा बाहेर टाकू लागला. २००४ च्या सुमारास प्रोसेसर फारच तापायला लागले तेव्हा इंटेलने बीटीएक्स हा नवा आराखडा आणला. त्यात प्रोसेसर पुढे, त्याच्यापुढे मोठा पंखा, सरळ रेषेत मागपर्यंत वारा. मला तो आजही आवडतो. पण पुढचे प्रोसेसर कमी तापू लागले आणि २००६ मध्ये इंटेलनेच त्याचा नाद सोडला.

आज कॅबिनेटमधली सर्वांत मोठी शेगडी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटं ४५० वॉटचं. बहुतेक कार्डांचे पंखे आपली गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात आणि प्रोसेसर तीच ओढतो. त्यामुळे समोरचा सर्वांत खालचा पंखा हा कार्डाचा अन्नदाता. तिथे हार्ड डिस्कचा रिकामा पिंजरा असेल तर काढून टाका. आणखी एक गंमत: कॅबिनेटचे पंखे मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, सहसा प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. गेम खेळताना कार्ड भाजतंय, प्रोसेसर मजेत, आणि पंखे डुलक्या काढतायत! बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन समोरच्या पंख्यांचा किमान वेगच थोडा वाढवून ठेवा.

आवाजाबद्दल लोक विचारतात. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर फक्त ३ वाढतो. म्हणजे एक पंखा किंचाळवण्यापेक्षा दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवा. हवा जवळपास तेवढीच, आवाज १२ डेसिबल कमी. ॲपलच्या २००३ च्या पॉवर मॅक जी ५ मध्ये नऊ पंखे होते. आतला भाग चार कप्प्यांत वाटलेला, प्रत्येक कप्प्याचे पंखे गरजेपुरते हळू फिरणारे.

आता धूळ, आपला खरा शत्रू. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर कॅबिनेटच्या फटींमधून हवा बाहेर जाते आणि आत यायला फिल्टरचीच वाट उरते. उलट केलं, मागे-वर तीन पंखे आणि समोर एक, तर यूएसबीच्या भोकातूनसुद्धा धूळ ओढली जाते. कूलर लावलेल्या खोलीत बाहेरचा फुफाटा कमी येतो, तोही याच न्यायाने. पण एक मेख आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे फिल्टर काही आठवड्यांत बुजतो. बुजला की आत येणारी हवा कमी होते, बाहेर फेकणारे पंखे तसेच चालू राहतात, आणि तुमची सगळी मांडणी गुपचूप उलटी होते. फिल्टर धुवा, पूर्ण वाळवा, मग लावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भिरभिरू देऊ नका.

आणि तो कम्प्युटर टेबलमधला कप्पा! तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. मागून निघालेली गरम हवा वळसा घालून पुन्हा समोरून आत. असल्या कप्प्यात शंभर पंखे लावले तरी ते एकाच हवेला प्रदक्षिणा घालत बसतील. सुतार बोलावून मागची फळी कापा, नाहीतर कॅबिनेट बाहेर काढा.

मागून प्रश्न आला आहे: कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडली तर? सोडू नका. खोली गार होते तेवढा फायदा मिळतोच. थेट झोतात ओलावा येतो, खारं पाणी असेल तर बारीक तुषारांबरोबर क्षार येतात, आणि धूळ त्यावर लिंपल्यासारखी बसते. झोताच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर ठेवा.

आता हे मशीन उघडतो आणि उदबत्ती लावतो. धूर समोर धरू, मागे धरू, फटींपाशी धरू. कुठून आत जातो आणि कुठून परत येतो ते तुम्हीच सांगा. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ या. आणि कोपऱ्यातला तो कूलर कोणीतरी पाच मिनिटं बंद करा, नाहीतर धूर सरळ दाराकडेच जाईल.