सुंदाच्या सामुद्रधुनीतली पंधरा मिनिटं

जावा आणि सुमात्रा यांच्या मधली पाण्याची ही चिंचोळी पट्टी म्हणजे सुंदाची सामुद्रधुनी. तारीख ३० जून १८१५. जावाच्या किनाऱ्यावर, तेव्हा इंग्रजांकडे असलेल्या अन्येरच्या किल्ल्याजवळ 'नॉटिलस' नावाचं एक लहान लढाऊ जहाज आहे. त्यावर १४ तोफा. जहाज 'बॉम्बे मरीन'चं, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचं. कप्तान लेफ्टनंट चार्ल्स बॉइस, आणि हाताखाली गोऱ्यांबरोबर हिंदी खलाशी. इंग्रज त्यांना लास्कर म्हणत.

समोरून येतंय अमेरिकेचं 'पीकॉक'. तोफा २२, बहुतेक बत्तीस पौंडी गोळ्याच्या. कप्तान लुईस वॉरिंग्टन.

इंग्लंड-अमेरिका युद्धाचा तह २४ डिसेंबर १८१४ला गेंट इथे झाला होता. पण ती बातमी अमेरिकेत पोचली फेब्रुवारीत, आणि 'पीकॉक' जानेवारीतच न्यूयॉर्कहून निघालं होतं.

बॉइसने हाक देऊन विचारलं, तह झालाय हे ठाऊक आहे का? वॉरिंग्टनचं उत्तर असं, की तह झाला असेल तर खूण म्हणून निशाण उतरवा. बॉइसने नकार दिला. तोफा सुटल्या आणि पाव तासात 'नॉटिलस'चं निशाण उतरलं, म्हणजे ते शरण गेलं. 'नॉटिलस'वर सहा माणसं मेली. बॉइसचा गुडघा गोळ्याने फोडला, पाय कापावा लागला. 'पीकॉक'वर कुणाला खरचटलंही नाही.

इथून पुढे एकाच घटनेच्या दोन कहाण्या होतात.

इंग्रजांची बाजू अशी: लढाईआधीच अन्येरचा बंदर-अधिकारी होडीतून 'पीकॉक'वर गेला होता, त्याने तहाची बातमी सांगितली होती. म्हणजे वॉरिंग्टनने सगळं कळून गोळे डागले. विल्यम जेम्स या इंग्रज इतिहासकाराने त्याच्यावर कडक शब्दांत आरोप ठेवले. अमेरिकेची बाजू उलटी: ही बातमी कप्तानापर्यंत आधी पोचलीच नाही, आणि बॉइस तहाचं नाव काढून किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला सरकतोय असा त्याला संशय आला. बोस्टनमधल्या चौकशी न्यायालयाने वॉरिंग्टनला निर्दोष ठरवलं.

तहातलं दुसरं कलम वाचायला हवं. बातमी पोचायला वेळ लागणार, म्हणून समुद्राच्या प्रत्येक भागाला मुदत ठरवली होती. त्या मुदतीनंतर पकडलेलं जहाज परत द्यायचं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ९० दिवस. दोन्ही देशांची तहाला मंजुरी पुरी झाली त्या १७ फेब्रुवारी १८१५पासून मोजलं तर १८ मेला ते संपतात. म्हणजे हे जहाज धरलं तेव्हा मुदत उलटून सहा आठवडे झाले होते. वॉरिंग्टनने दुसऱ्याच दिवशी 'नॉटिलस' सोडून दिलं.

मला वाटतं, चूक त्याचीच. किनारा समोर होता, किल्ल्यात एक माणूस पाठवून खातरजमा करता आली असती. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांनी या युद्धाचा इतिहास लिहिला; त्यात त्यांनी अमेरिकन असूनही त्याची पाठराखण केली नाही, याचा मला आदर वाटतो. आपल्या माणसाबद्दल असं लिहायला छाती लागते.

आणि आपण मराठी माणसं यात परकी नाही. याच बॉम्बे मरीनची आंग्र्यांशी वर्षानुवर्षं झुंज चालली होती. तिच्या कागदांत कान्होजी समुद्री लुटारू आहेत, आपल्या बखरीत सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. शब्द निवडताच पक्ष ठरतो.

पण 'नॉटिलस'च्या भांडणात मला सलतं ते वेगळंच. मेलेल्यांत लास्करही होते. बॉइसचं नाव, त्याच्या हाताखालच्या मेस्टनचं नाव दोन्हीकडे येतं. मेस्टन जखमेने गेला. लास्कर येतात ते फक्त आकड्यात. कोण कुठल्या बंदरातून बोटीवर चढला, कुणाच्या घरी ही बातमी गेली, की गेलीच नाही, याबद्दल दोन्ही देशांच्या वकिलांनी एक ओळ खर्ची घातली नाही.