उंबरा आणि गुळगुळीत फरशी

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं गावाकडचं घर वाई तालुक्यात आहे. जुनं, मातीच्या भिंतींचं आणि दारादाराला वीतभर उंच उंबरे असलेलं. तीन वर्षांपूर्वी गणपतीला तिथे गेलो, तेव्हा वाटेत मला त्या उंबऱ्यांचीच काळजी लागून राहिली होती. कारण यांना पार्किन्सन्स आहे. साताऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना काही म्हणजे काही आडवं येत नाही, आणि तरी हे स्वयंपाकघराच्या दारात आले की खिळल्यासारखे उभे राहतात. पाऊल उचलतच नाही. मग गावी काय होणार?

झालं भलतंच. यांनी माजघराचा उंबरा बघितला, पाय उचलला आणि आरामात पलीकडे गेले. दिवसभरात दहा-पंधरा वेळा गेले-आले. माझे धाकटे दीर ते बघून म्हणाले, "वहिनी, दादाला काही झालेलं नाही. तुम्ही उगाच लाड करता."

मी गप्प बसले, कारण मलाही कळेना. कोड्याचा उलगडा परत आल्यावर डॉक्टरांकडे झाला. चालणं आपण लहानपणी शिकतो आणि मग विसरून जातो. विसरतो म्हणजे ते काम मेंदूच्या आतल्या एका भागाकडे सोपवून मोकळे होतो. तो भाग चालतो डोपामीन नावाच्या रसायनावर. पार्किन्सन्समध्ये डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, म्हणून जी कामं आपोआप व्हायची तीच अडतात. चालणं, हात हलवणं, कूस बदलणं, शर्टाचं बटण लावणं. पण समोर ओलांडण्यासारखं काही दिसलं की मेंदू दुसरी वाट धरतो. बघून, ठरवून पाऊल टाकतो. म्हणून जिना चढणारा माणूस सपाट फरशीवर अडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा सोंग करतोय.

हे समजलं त्याच संध्याकाळी मी स्टेशनरीच्या दुकानातून लाल रंगाची चिकटपट्टी आणली. स्वयंपाकघराच्या दारात आणि बाथरूमसमोर, एकेका पावलाच्या अंतरावर, फरशीवर आडव्या रेघा मारल्या. पाहुणे विचारतात, नातवंडं ठिकरी खेळतात का? मी हो म्हणते. प्रत्येकाला कुठे समजावत बसायचं!

बाहेर पट्ट्या नसतात, तिथे ताल कामी येतो. आमच्याकडे लोणंद-फलटणहून पालखी जाते, त्यामुळे "ज्ञानबा-तुकाराम"चा ठेका यांच्या पायात लहानपणापासून आहे. बाजारात अडले की मी हळूच म्हणते, "ज्ञानबा", आणि "तुकाराम"ला यांचं पाऊल पडतं. एक मात्र मी चुकून शिकले, तुम्ही ऐकून शिका. अडलेल्या माणसाचा हात धरून ओढू नका आणि "चला, चला लवकर" म्हणू नका. घाई केली की पाय आणखी चिकटतात. थांबू द्या, नीट उभं राहू द्या, एका पायावर भार घेऊ द्या, मग दुसरा पाय आपोआप सुटतो.

आता सुरुवातीचं थोडं सांगते. हे तलाठी होते. उभं आयुष्य सातबारे हाताने लिहिण्यात गेलं, टपोरं अक्षर. निवृत्तीनंतर ते अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटी मुंगीएवढं. बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. त्याच सुमारास फोडणीतला हिंग यांना कळेना. चालताना उजवा हात हलेना, खांदा दुखायला लागला, आणि त्या खांद्यावर आम्ही वर्षभर शेक, तेल, व्यायाम असं सगळं केलं. हात मात्र थरथरत नव्हता, म्हणून पार्किन्सन्स कुणाच्या मनातच आला नाही. कंप असलाच पाहिजे असं नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी यांना चालायला लावलं, चुटक्या वाजवायला लावल्या, मनगट फिरवून पाहिलं आणि सांगितलं. साध्या रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही, डॉक्टरांच्या नजरेला दिसतो. याला आता अकरा वर्षं झाली.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, पण आपल्याकडच्या वैद्यांना कंपवात ठाऊक होता आणि त्यावर ते खाजकुइलीचं बी देत. गंमत म्हणजे आज आपण जी मुख्य गोळी घेतो, तिच्यातलं लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामीन होतं ते द्रव्य, त्या बियांत असतंच. म्हणून कुणी गोळीच्या जोडीला परस्पर पूड सुरू करतात. तसं करू नका. चमचाभर पुडीत औषध किती गेलं हे कळत नाही, आणि या आजारात सगळा खेळ मात्रेचा आणि वेळेचा आहे.

वेळेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमचं घर तिच्यावरच चालतं. सकाळी सात, अकरा, तीन आणि सात. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात यांचं अंग मोकळं होतं आणि पुढची वेळ जवळ आली की पुन्हा आखडायला लागतं. म्हणून अंघोळ, दाढी, बँक, पाहुणे, सगळं त्या मोकळ्या वेळात. सकाळी साडेदहाला आलेल्या माणसाला हे बिचारे आजारी दिसतात आणि बाराला आलेल्याला ठणठणीत. दोघेही खरंच सांगत असतात. बरं, ही गोळी आतड्यातून रक्तात जाताना आणि रक्तातून मेंदूत जाताना प्रथिनांशी तिची स्पर्धा होते. वाटीभर घट्ट वरण किंवा दह्याबरोबर घेतली की कधीकधी लागूच पडत नाही. आम्ही जेवणाआधी अर्धा तास नुसत्या पाण्याबरोबर देतो, आणि डाळ, उसळ, दही जास्त करून रात्रीकडे ठेवलंय. सगळ्यांना याची गरज पडते असं नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून करा. डाळ सोडू मात्र नका, वजन उतरतं.

दोन वर्षांपूर्वी यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. रुग्णालयात गोळ्यांची ट्रॉली यायची नऊला. मी सातला सांगितलं, आठला सांगितलं, उत्तर एकच, "आजी, राउंडला देऊ." साडेआठला यांना कूससुद्धा बदलता येईना, आणि नर्स म्हणाली की पेशंट सहकार्य करत नाही. दुसऱ्या दिवशी मी वेळांचा कागद जाड अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवला आणि मोठ्या डॉक्टरांची सही घेतली. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा कागद आधीच करून न्या. त्यावर आणखी एक ओळ लिहा, उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड देऊ नये. त्याने पार्किन्सन्स वाढतो, आणि गडबडीत ते दिलं जाऊ शकतं. चालू गोळ्या एकदम बंद तर कधीच करायच्या नाहीत.

घरातल्या गोष्टी पटकन सांगते. लेंग्याची नाडी गेली, इलॅस्टिक आलं. खुर्चीखाली लाकडी ठोकळे लावून ती उंच केली. उठताना आधी कडेला सरकायचं, पाय मागे घ्यायचे आणि पुढे वाकून उठायचं. उठल्यावर क्षणभर थांबायचं, कारण रक्तदाब खाली जाऊन चक्कर येते. बद्धकोष्ठ हा या आजाराचाच भाग आहे, पाणी आणि भाजी लागतेच. चहा अर्धा कप, मोठ्या कानाच्या मगात.

पण मला सगळ्यात जड गेला तो चेहरा. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, त्यामुळे माणूस सतत रागावलेला दिसतो. धाकट्या नातीने विचारलं, "आजोबांना मी आवडत नाही का?" हे आतून हसत होते, ते बाहेर आलंच नव्हतं. आता ती यांचा हात धरते आणि हाताला विचारते, हसताय का? दाबला की हो. आवाजाचंही तसंच. यांना वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, आणि समोरच्याला ऐकू येत नाही. स्पीच थेरपिस्टनी सांगितलंय, ओरडल्यासारखं वाटेल इतकं मोठ्याने बोला, तेव्हा कुठे बरोबर होईल. म्हणून रोज अंघोळीनंतर मनाचे श्लोक खड्या आवाजात. शेजारी वेळ लावतात त्यावरून.

कधी रात्री हे स्वप्नात लाथा झाडतात. मधे पलंगाच्या पायथ्याशी मांजर दिसायला लागलं होतं. मला वाटलं वयामुळे असेल. डॉक्टरांनी एक औषध कमी केलं आणि मांजर गेलं. औषधांमुळे कधी असं काही दिसलं, किंवा माणूस अचानक उधळा झाला, जुगारासारखं वेड लागलं, तर लाजू नका, सांगा. उदास राहणंही आजारातूनच येतं, त्यावर उपचार आहेत.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे शब्द जरा सजवलेले वाटले होते. पण दवाखान्यात सारखं "पेशंटच्या सोबत कोण?" ऐकून ऐकून मला स्वतःला काहीतरी नाव हवंच होतं. पुण्यातच हृषीकेश पवार हे नर्तक पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्याचे वर्ग घेतात. आम्ही साताऱ्यात, रोज जाणं जमत नाही, म्हणून हे घरीच सायकल मारतात, उभी केलेली. व्यायाम औषधाइतकाच हवा, आणि मलाही हवा, हे मी फार उशिरा कबूल केलं. आता गुरुवारी संध्याकाळी दोन तास मुलगा बसतो आणि मी भजनाला जाते. आणखी एक, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

गेल्या महिन्यात दिरांचा फोन आला. गावचं घर दुरुस्तीला काढलंय. मोठ्या उत्साहाने सांगत होते, "वहिनी, दादाची अडचण नको म्हणून सगळे उंबरे काढून टाकतोय. सगळीकडे गुळगुळीत फरशी!" त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला नाही म्हणवेना. उंबरा सगळ्यांना सोसतो असंही नाही, पाय घासत चालणारा त्यालाच अडखळून पडेल. यांनाही उद्या सोसेल की नाही, कोण जाणे. पण आज सोसतोय. मी म्हटलं, "भाऊजी, बाकीचे काढा. माजघराचा तेवढा राहू दे."

नमस्कार.