जंगलाचं वर्ष आणि मार्च एण्ड

मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं की, सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल राखायचा-वापरायचा हक्क, मिळालेल्या गावांत वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांचा मेळ कसा घालावा, यावर मी बोलणार आहे. बोलेनच. पण आधी मार्च महिन्याबद्दल बोलू द्या, कारण गडचिरोलीत आमचं निम्मं काम तिथंच अडकतं.

आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची गोष्ट इथं बसलेल्या सगळ्यांना पाठ आहे. 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला, तरी आपलाच बांबू विकून बाहेर पाठवायचा परवाना हाती यायला 2011चा एप्रिल उजाडला. 2006च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारी जंगलाची उपज, ठरवला होता, 1927च्या भारतीय वन कायद्यात मात्र तो झाडच राहिला, थेट 2017पर्यंत! असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तर मार्च. आमच्या भागातल्या एका ग्रामसभेनं समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडवे खणायचे चर, आणि एक वनतळं मागितलं होतं. ठराव ऑगस्टमधला. निधीचं पत्र आलं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणि सोबत निरोप, की 31 तारखेच्या आत खर्च दाखवा. मार्चमध्ये गाव कुठं असतं? मोहाच्या झाडांखाली. फूल रात्रीतून गळतं, म्हणून अंधार असतानाच बाया टोपल्या घेऊन निघतात. उशीर झाला की गुरं नाहीतर रानडुकरं फडशा पाडतात. दुपारी अंगणभर फूल वाळत पडलेलं, राखणीला घरातलं एखादं म्हातारं माणूस, आणि गावभर तो गोड, जडसर वास. विदर्भातल्या मंडळींना आत्ता तो आलाच असेल! त्या फुलावर घरात तेल-मीठ येतं, पोरांची वह्या-पुस्तकं येतात. ते सोडून चर खणायला कोण जाणार?

वरून तोडगा सुचवला गेला, जेसीबी लावा. रात्री ग्रामसभा बसली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाली, “त्या मशीनले कोणता झाड कोणाचा हाय, मालूम हाय का?” त्या गावात कुठल्या मोहाचं फूल कुठल्या घरानं वेचायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. ठराव झाला : मशीन नको, मुदत वाढवून द्या. मुदत मिळाली नाही, पैसे परत गेले आणि अहवालात गावाच्या नावापुढं ‘निधी अखर्चित’ असा शेरा पडला. त्या शेऱ्याचा मला अजून राग येतो. वेळेवर मागणी करणारं गाव कागदावर नालायक ठरलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

खात्यांच्या योजनांचा मेळ घालणाऱ्या समन्वयकानं गावात गेल्यावर योजनांची यादी काढू नये, आधी जंगलाचं वर्ष लिहून घ्यावं. मार्च-एप्रिल मोह, मे महिन्यात बिडीसाठीची तेंदूपानं, मग धानाची पेरणी नि रोवणी, पुढं कापणी, मळणी. मातीकामाला माणसं मोकळी सापडतात ती मळणीनंतर, मोह गळायच्या आत. पैसा डिसेंबरात गावाच्या खात्यात असला तरच काम होईल.

दुसरं, आराखडा एकच आणि तो ग्रामसभेच्या समितीचा. वनहक्क कायद्याच्या 2012च्या सुधारित नियमांनुसार तो वनविभागाच्या आराखड्याशी जोडताना काय बदलायचं, हेही समितीच ठरवते. रोजगार हमी, कृषी, आदिवासी विकास, सगळ्यांनी आपापली कामं त्या आराखड्यात बसवावीत. आज प्रत्येक खातं स्वतःचा नकाशा घेऊन येतं आणि एकाच नाल्यावर दोघांची कामं निघतात.

तिसरं, नकाराचा मान राखा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं हातचं उत्पन्न सोडून तेंदूपानं तोडणं बंद केलं, कारण पानांसाठी झुडपं छाटली जातात, जंगलात आगी लागतात. त्यांनी बांबूवर भर दिला. असा निर्णय कुठल्याही खात्याच्या उद्दिष्टात बसत नाही, पण समन्वयकाला तो मांडता आला पाहिजे, वेळप्रसंगी जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभं राहून.

सभागृहात काही अधिकारी आहेत, त्यांना एकच विनंती. ग्रामसभेच्या खात्यात जमा झालेला पैसा 31 मार्चला परत मागू नका. तेंदूच्या लिलावाबद्दल बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत जरूर विचारा.